कानातले खडे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. आई ६४ वर्षांच्या. गेले तीन महिने अंथरुणात कूस बदलली किंवा पहाटे उठायला गेल्या की घर गरगर फिरतं. अर्ध्या मिनिटात थांबतं, मग दुपारपर्यंत डोकं जड. एकांनी बीपी म्हटलं, एकांनी पित्त, एकांनी मानेचा मणका म्हणून पट्टा दिला. चक्करची गोळी तेव्हापासून दिवसातून तीनदा चालू आहे. आता कोणीतरी कानाच्या डॉक्टरला दाखवा म्हणालं, आणि तुमचं म्हणणं असं की आईला शेजारच्या घरातली कुजबुजसुद्धा ऐकू येते, मग यात कानाचा काय संबंध? शेवटी जाता जाता एक ओळ स्वतःबद्दल: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत प्रेस शॉपमध्ये (धातूचे पत्रे यंत्राने ठोकून भाग घडवतात तिथे) बारा वर्षं नोकरी, गणपतीत ढोल पथकात, आणि यंदाच्या विसर्जनापासून कानात बारीक शिट्टी वाजते, ‘पण ते काही विशेष नाही.’

पंचवीसेक वर्षं नाशकात कान-नाक-घसा बघतोय, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमच्या घरात काळजी उलटी वाटली गेली आहे. आईंचा त्रास दिसायला भयंकर, पण वर्णनावरून तो बहुधा दहा मिनिटांत, सुई न टोचता बरा होण्यासारखा आहे. तुमची शिट्टी किरकोळ वाटते, पण तिच्यामागे जे मेलंय ते परत येत नाही. दोन्हीचं मूळ मात्र एकाच हाडाच्या पोकळीत, एकाच जातीच्या पेशीत आहे. ते समजायला कानात शिरावं लागेल.

पंचवटीतल्या नारोशंकराच्या देवळातून सुरुवात करू. तिथली घंटा वसईच्या लढाईनंतर पोर्तुगीजांकडून आलेली. ठणाणा बोलणाऱ्या माणसाला आपल्याकडे अजूनही ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. तर त्या घंटेवर टोल पडला, धातू थरथरला, शेजारची हवा थरथरली, आणि ती थरथर हवेतून तुमच्या कानापर्यंत आली. बाहेरचा कान तिला गोळा करतो, सुमारे अडीच सेंटिमीटरच्या बोगद्यातून आत ढकलतो आणि ती पडद्यावर आदळते. इथवर सोपं आहे. अडचण पुढे आहे.

लहानपणी रामकुंडात बुडी मारली असेल तर आठवा: काठावरून आई कितीही ओरडली तरी पाण्याखाली काही ऐकू यायचं नाही. हवेतला आवाज पाण्यावर आदळला की जवळजवळ सगळाच उलटा फिरतो, हजारातला एखादाच भाग आत जातो. आणि आपल्या ऐकण्याचं खरं यंत्र आतल्या कानात पाण्यात बुडालेलं आहे. मग आवाज तिथे शिरणार कसा?

हे काम मधल्या कानातली तीन हाडं करतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब. दोन नावं लोहाराच्या दुकानातली, तिसरं घोड्याच्या खोगिरातलं. रिकीब म्हणजे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. पडद्याचा थरथरणारा भाग साधारण ५५ चौरस मिलिमीटर आणि रिकिबीचा तळवा तीन चौरस मिलिमीटरच्या आसपास. गर्दीत कुणाचा चपटा बूट पायावर पडला तर आपण ‘अहो जरा’ म्हणतो, टोकदार टाच पडली तर कळवळतो. वजन तेच, जागा लहान झाली. इथेही तसंच होतं. त्यात हाडांच्या तरफेचा थोडा फायदा मिळतो, आणि आतल्या पाण्यावर पडणारा दाब वीस-बावीस पटींनी वाढतो. हवेतून पाण्यात जाताना जे हरवणार होतं, त्यातलं बरंचसं असं वसूल होतं.

रिकिबीला एक चिमुकला स्नायू जोडलेला असतो. मोठा आवाज आला की तो आखडतो आणि हाड आवळून धरतो, म्हणजे आत कमी धक्का जावा. पण त्याला जागं व्हायला, सेकंदाचा लहानसा भाग का होईना, वेळ लागतो. सुतळी बॉम्ब किंवा पॉवर प्रेसचा ठोका त्याआधीच आत पोचलेला असतो.

मधल्या कानातून घशाच्या मागे एक नळी उतरते. कसारा घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की फट्कन सुटतात, ते तिच्यामुळे. तिच्याबद्दल आज एवढंच.

आता आतला कान. कवटीच्या अतिशय कठीण हाडात कोरलेली, पाण्याने भरलेली वळणावळणांची एक पोकळी. पुढच्या बाजूला गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी, तिला कॉक्लिआ म्हणतात. मागच्या बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. मधे दोन पिशव्या. सगळं मिळून बोराएवढ्या जागेत मावतं. शंख ऐकण्याचा, बाकीचं तोल सांभाळायचं. पण भिंत एक, पाणी एक, आणि मेंदूकडे जाणाऱ्या तारांची जुडीही एकच. आईंचा कान ‘चांगला’ आहे असं तुम्ही म्हणता, तेव्हा तुम्ही फक्त शंखाबद्दल बोलत असता.

शंख उलगडून सरळ केला तर साडेतीन सेंटिमीटर भरतो. त्याच्या आत लांबीभर एक पातळ पडदा ताणलेला आहे, दाराशी अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. त्यामुळे बारीक, चिरका आवाज दाराजवळच पडदा हलवतो आणि ढोलाचा घुमारा पार टोकाला जाऊन. हार्मोनियमच्या पट्ट्या ओळीने मांडाव्यात तशी सुरांची जागा ठरलेली. मेंदूला सूर ओळखायला एवढं पुरतं: कुठल्या घरातून निरोप आला ते बघायचं. पडद्यावरून सरकत जाणारी ही लाट पहिल्यांदा उलगडून दाखवली ती बेकेशी यांनी, त्याबद्दल त्यांना १९६१चं नोबेल मिळालं.

पडद्यावर ओळीने उभ्या असतात केसपेशी. कानात दिसणाऱ्या केसांशी यांचं काही नातं नाही, नाव उगाच फसवं आहे. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर अतिसूक्ष्म काड्यांचा जुडगा, पायऱ्यांसारखा चढत्या उंचीचा, आणि बुटक्या काडीच्या टोकापासून शेजारच्या उंच काडीपर्यंत ताणलेला एक धागा. लाट आली, जुडगा उंच काडीकडे झुकला, धागा ताणला गेला आणि त्याने एक दार ओढून उघडलं. बाहेरच्या पाण्यातलं पोटॅशियम आत घुसलं, पेशीत विजेचा झटका बसला, निरोप सुटला. उलटीकडे झुकला की दार बंद. म्हणजे ही पेशी ‘ऐकत’ वगैरे काही नाही. आपण किती वाकलो आणि कुणीकडे, एवढंच तिला कळतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

एका कानात अशा पेशी किती? आतल्या रांगेत साधारण साडेतीन हजार, बाहेरच्या तीन रांगांत बारा हजार. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त असतात. कानाचा संसार पंधरा-सोळा हजारांत चालतो. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात. माणसात नाहीत. जन्माला येताना जेवढ्या आणल्या, तेवढ्यांवरच शेवटपर्यंत भागवायचं.

आतली रांग मेंदूला बातमी देते. बाहेरच्या रांगांचं काम न्यारं आहे. त्या पेशी आवाजाबरोबर स्वतः आखूड-लांब होतात आणि बारीकशा लाटेला झोका देऊन मोठं करतात. हे करताना त्या स्वतः थोडासा आवाजही काढतात, आणि तो कानाबाहेर मोजता येतो. डेव्हिड केम्प यांनी १९७८मध्ये हे दाखवलं तेव्हा पुष्कळांचा विश्वास बसला नव्हता. आज बाळ दोन दिवसांचं असताना कानात छोटं बूच घालून जी तपासणी होते, ती हा कानाचाच आवाज ऐकते. घरात बाळ जन्मलं असेल तर ती जरूर करून घ्या.

आता मागची बाजू, आईंची.

मंगळागौरीची फुगडी घ्या. गरगर फिरता तेव्हा कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्याही फिरतात, पण आतलं पाणी मागे रेंगाळतं. नळीच्या फुगीर भागात चिकट लोण्यासारखा एक पडदा आडवा उभा असतो, रेंगाळणारं पाणी त्याला वाकवतं, आणि पडद्यात रुतलेल्या केसपेशी वाकतात. निरोप गेला: ‘फिरतोय.’ फिरत राहिलात तर पाणी हळूहळू नळीच्या वेगाला येतं आणि निरोप मंदावतो. फुगडी एकदम थांबली की नळी थांबते, पाणी मात्र पुढे धावतं, पडदा उलटा वाकतो, आणि पाय जमिनीवर घट्ट असताना ओसरी उलटी फिरताना दिसते. तीन नळ्या एकमेकींना काटकोनात आहेत, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळते तशा. त्यामुळे मान कुठल्याही दिशेने वळवा, एखादी तरी नळी पकडतेच.

ही बातमी मेंदू पहिल्यांदा कुठे वापरतो? डोळ्यांकडे. हे आत्ता करून बघा. मान स्थिर ठेवून हातातला फोन डावीकडे-उजवीकडे भराभर हलवा, अक्षरं पुसट होतील. आता फोन स्थिर ठेवून ‘नाही नाही’ म्हणतो तशी मान तेवढ्याच वेगाने हलवा. वाचता येतं ना? मान हलली की सेकंदाच्या शंभराव्या भागात कान डोळ्यांना उलटं वळवतो. सिटी बस खड्ड्यातून जाताना दुकानांच्या पाट्या वाचता येतात त्या याच्याच जिवावर. आणि याच दोरीमुळे कान चुकला की डोळे भलतीकडे झटके खातात आणि घर फिरतं.

दोन पिशव्यांचं काम वेगळं. त्यांच्यातल्या केसपेशींवर चिकट गादी आहे, आणि गादीवर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे पेरलेले आहेत. गोगलगाईच्या शिंपल्याचा आणि याचा माल एकच. ‘कानाला खडा’ आपण नुसतं म्हणतो, कानात खरोखर खडे असतात, आणि जन्मापासून असतात. डोकं कललं की खडे उताराकडे ओढ घेतात, गादी घसरते, पेशी वाकतात. लिफ्ट सुटली हे डोळे मिटूनही कळतं, गाडीने ब्रेक मारला हे पाठ न टेकताही कळतं, ते या खड्यांच्या वजनामुळे.

वय वाढलं, डोक्याला मार बसला, किंवा काही कारण नसतानाही, यातले काही खडे गादीवरून सुटतात. हाडं ठिसूळ झालेल्या आणि ड जीवनसत्त्व कमी असलेल्या बायकांत हे जास्त दिसतं. सुटलेले खडे अंथरुणात आडवं झाल्यावर घरंगळत एखाद्या नळीत जातात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण ती सगळ्यात खाली पडते. आता आईंनी कूस बदलली की काय होतं ते बघा. नळीतले खडे गडगडत खाली जातात, जाताना पाणी ओढतात, पडदा वाकतो, आणि मेंदूला निरोप मिळतो की बाई गरगर फिरताहेत. दुसरा कान म्हणतो, छे, फिरत नाहीत. डोळे म्हणतात, छतही जागेवर आहे. या भांडणाचं नाव चक्कर. खडे तळाशी पोचले की पाणी थांबतं, म्हणून त्रास मिनिटाच्या आत मिटतो. पुन्हा वळलं, पुन्हा सुरू.

म्हणून मी पेशंटला नेहमी विचारतो की ‘चक्कर’ म्हणजे नक्की काय? आपल्या भाषेत यासाठी चांगले वेगवेगळे शब्द आहेत आणि डॉक्टरसमोर आपण ते सगळे एका शब्दात कोंबतो. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती भोवळ, ती बहुतेक रक्तदाबाची. चालताना झोक जातो तो तोल, त्याची कारणं पायांत, नसांत, मेंदूत कुठेही. खोली फिरते ती गरगर, आणि ती कूस बदलल्यावर येऊन मिनिटात जात असेल तर ऐंशी टक्के निदान तुम्ही दारातच मला दिलेलं असतं. उरलेलं तपासणीच्या टेबलावर. मान एका बाजूला वळवून पेशंटला पटकन आडवं करायचं आणि डोळ्यांकडे बघायचं. डोळे ठरावीक पद्धतीने फिरत झटके देतात, आणि कुठला कान, कुठली नळी ते कळतं. डिक्स आणि हॉलपाइक यांनी ही तपासणी १९५२मध्ये नीट लिहून ठेवली. एमआरआय लागत नाही. मला आश्चर्य वाटतं ते याचं की एमआरआयची फाईल घेऊन येणाऱ्या कित्येकांना तोवर कुणी आडवं करून पाहिलेलंच नसतं.

उपाय म्हणजे खडे आले त्या वाटेने परत घालवणं. अमेरिकेतले कानाचे डॉक्टर एपली यांची युक्ती: मान दुखऱ्या बाजूला ४५ अंश वळवून आडवं, डोकं टेबलाखाली थोडं लोंबतं, गरगर थांबेपर्यंत वाट. मग डोकं दुसरीकडे ९० अंश. मग अंगासकट त्या कुशीवर, तोंड जवळपास जमिनीकडे. मग बसवायचं. दारात अडकलेलं कपाट आपण तिरकं करून फिरवत बाहेर काढतो, तसं. बहुसंख्य लोकांना एक-दोन खेपांत आराम पडतो. एपली यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांनी त्यांची टर उडवली होती, आज जगभर पहिला उपाय तोच. मात्र व्हिडिओ बघून आईंवर घरी प्रयोग करू नका. बाजू चुकली तर खडे हलणार नाहीत किंवा दुसऱ्याच नळीत जातील, आणि ६४व्या वर्षी मानेची हाडं आधी विचारात घ्यावी लागतात. पुढे कधीतरी हे उलटू शकतं, तेव्हा घाबरू नका, पुन्हा तेच करायचं.

आता गोळ्या आणि पट्टा. चक्करच्या गोळ्या त्या भांडणाचा आवाज कमी करतात, खडे त्यांना हलवता येत नाहीत. अचानक उलट्यांसकट मोठी चक्कर आली तर दोन-तीन दिवस त्यांचा आधार जरूर घ्यावा. तीन महिने दिवसातून तीनदा घेतल्या तर मेंदू सुस्तावतो, नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायचं शिकत नाही, आणि वयस्क माणूस पडतो. दुपारपर्यंतचं जड डोकं अर्धं तरी गोळीचं असावं असा मला संशय आहे. मानेच्या पट्ट्याने एकच होतं: मान वळतच नाही, म्हणून खडेही हलत नाहीत, आणि पट्ट्याला श्रेय मिळतं. साठीनंतर एक्स-रे काढला तर मणक्याची झीज कुणाच्याही मानेत दिसेल, माझ्याही.

एक गोष्ट मात्र गंमतीवारी नेऊ नका. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, तोंड वाकडं झालं, हातापायातली ताकद गेली, कधी नव्हे असं तीव्र डोकं दुखलं किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर कान विसरा आणि मेंदूच्या डॉक्टरांची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा, त्याच तासाला. तसंच एका कानाचं ऐकणं एका रात्रीत गेलं तर ‘मळ असेल’ म्हणून आठवडा काढू नका. उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांत असतो.

आता तुम्ही.

आईंच्या केसपेशी जिवंत आहेत, त्यांना खोटी बातमी मिळतेय. तुमच्या शंखातल्या काही पेशींना मात्र बारा वर्षं मार बसतोय. हिशेब असा आहे: ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असं धरलं, तर प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९४ला एक तास, १००ला पंधरा मिनिटं. नाशिक ढोल आपला अभिमान आहे, मीही मिरवणुकीत उभा राहतो. पण एकदा पथकाच्या हातभर अंतरावर मीटर धरलं, तर आकडा शंभरच्या खाली यायला तयार नव्हता. तुमचा सरावच रोज दोन तासांचा. वर दिवसा प्रेस.

मोठ्या आवाजाने आधी बाहेरच्या रांगा जातात, त्याही ४,००० हर्ट्‌झच्या, म्हणजे बारीक चिरक्या सुरांच्या, आसपासच्या. ढोलाचा घुमारा खालच्या सुराचा, मग मार वर का? कानाचा बोगदा याच सुमाराचे सूर स्वतःच फुगवून आत पाठवतो हे एक कारण, शिवाय ताशाचा आणि प्रेसचा ठोका भरपूर तीक्ष्ण असतो. सुरुवातीला माणसाला काही कळत नाही, कारण स्वर खालच्या पट्टीत असतात आणि ते नीट ऐकू येतात. जातात ती स, श, च, फ, त अशी बारीक व्यंजनं. ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ म्हटलं? बायको हळू बोलते, मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात, असं वाटायला लागतं. ‘ऐकू येतं पण समजत नाही’ हे वाक्य मी अंबड-सातपूरच्या कामगारांकडून शेकडो वेळा ऐकलंय, आणि बहुतेक ते निवृत्तीजवळ आले की. तुम्ही चाळिशीच्या आत असाल तर वेळेवर विचारताय.

शिट्टी म्हणजे काय? ज्या सुराची बातमी कानाकडून येईनाशी झाली, त्या सुरासाठी मेंदू स्वतःचा आवाज चढवतो, असं आजचं समजणं आहे. तिला पुसून टाकणारी गोळी नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे वाचवा. बऱ्याच जणांत ती हळूहळू मागे पडते, पंख्याच्या आवाजाने रात्री सुसह्य होते. शिट्टी एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर वाजत असेल, किंवा त्या बाजूचं ऐकणं कमी वाटत असेल तर मात्र तपासणी टाळू नका.

कापसाचा बोळा काही अडवत नाही, आवाज त्यातून आरपार जातो. फोमचे इअर प्लग घ्या. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचे. बाहेर अर्धे लोंबत असतील तर ते शोभेचे. प्रेसवर रोज, सरावालाही रोज. पथकातल्या पोरांना ‘मर्दानगी’चा मुद्दा आठवतो, त्यांना तुमची शिट्टी सांगा. आणि तेल घालू नका, ना कोमट ना लसणाचं. कानाचा मळ स्वतःहून बाहेर सरकतो, पावसाळ्यात तेलावर बुरशी मात्र छान वाढते.

आईंना आणायच्या आधी चक्करची गोळी किती तास बंद ठेवायची ते ज्यांच्याकडे नेणार त्यांना फोनवर विचारा, गोळी अंगात असली की डोळ्यांचे झटके दबतात. बीपीची किंवा साखरेची गोळी अजिबात चुकवायची नाही. सकाळी हलकं खाऊन आणा, रिकाम्या पोटी नको आणि भरपेट मिसळही नको. बरोबर कोणीतरी असावं, परत जाताना त्यांना दुचाकीवर बसवू नका.

तुमची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, पाळीवर जायच्या आधी करा. प्रेसवरून थेट आलात तर कान थकलेला असतो आणि आलेख आहे त्याहून वाईट येतो. निघताना ४,००० हर्ट्‌झपाशी खड्डा आहे का ते विचारा, आलेखाची एक प्रत घरी ठेवा, आणि वर्षभराने तोच आलेख पुन्हा काढा.